चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात : लाइफ सिम्युलेशन गेम बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
कॅरेक्टर क्रिएटर बनवणारी टीम आणि तिच्या कामावर शेवटचा शिक्का मारणारे वरिष्ठ,

सप्रेम नमस्कार.

माणसांचं रोजचं जगणं खेळायला देणाऱ्या तुमच्या येऊ घातलेल्या गेमचा कॅरेक्टर क्रिएटर, म्हणजे खेळाडूने आपलं पात्र घडवायचं साधन, तुम्ही गेमच्या आधीच सगळ्यांना मोफत वापरायला दिलात आणि पहिल्या वापरात काय वाटलं ते कळवा, असं आवाहन केलंत. आम्ही कळवलं. अनेकांनी स्क्रीनशॉट जोडून, स्लायडरची नावं देऊन, नेमकं कुठे अडतं ते सविस्तर लिहिलं. त्यावर तुमचं निवेदन आलं : चेहऱ्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या करण्याची सोय, उंचीतला फरक, म्हातारपणाचं वेगळं शरीर आणि अपंगत्वाशी संबंधित साधनं मूळ गेममध्ये नसतील, भविष्यातल्या एखाद्या विस्तारात, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडायच्या भागात, त्यांचा विचार होऊ शकेल.

एका परिच्छेदात तुम्ही कितीतरी माणसांना दाराबाहेर उभं केलंत. त्यांत मी आहे, माझे वडील आहेत. म्हणून हे पत्र तुमच्या सपोर्ट विभागाच्या तक्रारीत न टाकता सगळ्यांसमोर लिहिते आहे. गेमचं नाव मी लिहीत नाही, कारण यातल्या बहुतेक तक्रारी या प्रकारच्या इतर गेमनाही लागू पडतात. ज्यांच्यासाठी पत्र आहे ते ओळखतीलच.

आधी जे चांगलं आहे ते सांगते. डोळ्यांतला ओलावा, कापडाची वीण, मान वळवली की कॉलरची पडणारी सावली, हे सगळं मन लावून केलेलं दिसतं. गाल, हनुवटी, नाकाचा शेंडा माऊसने पकडून ओढायची पद्धत द सिम्स 4 या याच प्रकारच्या गेमने 2014 मध्ये आणली होती. तुम्ही ती आणखी बारीक केलीत. पापणीची घडी किती खोल असावी इथपर्यंत हात पोहोचतो. ज्यांना हे जमलं त्यांना पुढचंही जमेल याची मला खात्री आहे. ती नसती तर पत्र लिहिण्याचे कष्ट घेतलेच नसते.

आता चेहऱ्याबद्दल, कारण ही माझी सर्वात मोठी तक्रार आहे.

माझ्या चेहऱ्याची उजवी बाजू लहानपणीच्या आजारात कमकुवत झाली. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस मेंदूतून निघणाऱ्या नसांमधली सातवी. ती दुखावली की त्या बाजूची भुवई उतरते, डोळा नीट मिटत नाही, ओठाचा कोपरा हलत नाही. बऱ्याच जणांचा चेहरा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो. काहींचा होत नाही. माझा झाला नाही. हसले की तोंड डावीकडे जातं, उजवा डोळा डाव्यापेक्षा थोडा मोठा दिसतो. हा माझा चेहरा आहे, आरशात मला तोच अपेक्षित असतो आणि माझ्या माणसांना मी याच चेहऱ्याने माहीत आहे.

तुमच्या क्रिएटरमध्ये मी उजव्या ओठाचा कोपरा पकडून खाली घेतला. डावा कोपरा त्याच्याबरोबर खाली आला. भुवई उतरवली, दुसरीही उतरली. शेवटी समोर उभी राहिली ती एक दुःखी बाई. मी दुःखी नाही. माझ्या चेहऱ्याच्या दोन बाजू वेगळ्या आहेत, एवढंच. आणि तेवढंच सांगायची सोय तुमच्या त्या असंख्य स्लायडरमध्ये नाही.

मग मी फोटोवरून चेहरा बनवण्याचा पर्याय वापरला. त्याने माझं तोंड सरळ केलं. न विचारता, न सांगता, दोन्ही बाजूंची सरासरी काढून एक नीटनेटका चेहरा समोर ठेवला. तो पाहून मला काय वाटलं असेल याचा विचार तुमच्यापैकी कुणीतरी करावा. ज्या दुरुस्तीची मी कधी मागणी केली नाही ती एका प्रोग्रॅमने परस्पर करून टाकली, आणि खाली 'जतन करा' असं बटण दिलं.

हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असं म्हणू नका. चेहऱ्याचा स्लायडर म्हणजे मुळात दोन आकारांमधलं अंतर असतं : मूळ मेश (पात्राच्या पृष्ठभागाची त्रिमितीय जाळी) एका टोकाला, बदललेला मेश दुसऱ्या टोकाला, आणि स्लायडर त्यांच्यामध्ये कुठे थांबायचं ते ठरवतो. हे आकार डाव्या-उजव्या बाजूंसाठी वेगवेगळे ठेवायची पद्धत नवी नाही. ॲपलच्या एआरकिट या सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्याच्या हालचाली टिपण्यासाठी 52 आकार आहेत आणि त्यांत डाव्या पापणीची उघडझाप वेगळी, उजव्या पापणीची वेगळी, हसताना डावा कोपरा वेगळा, उजवा वेगळा मोजला जातो. तुमचं स्वतःचं पात्र क्रिएटरमध्ये उभं असताना अधूनमधून एक डोळा मिचकावतं. म्हणजे दोन बाजू स्वतंत्रपणे हलवायची व्यवस्था तुमच्या रिगमध्ये, म्हणजे पात्र हलवणाऱ्या सांगाड्यात, आहेच. ती ॲनिमेशनला मिळाली, खेळाडूला मिळाली नाही. 2022 च्या सेंट्स रोच्या क्रिएटरमध्ये चेहरा असमान करता येत होता, आणि तो काही माणसांचं रोजचं जगणं दाखवणारा गेम नव्हता.

शिवाय ही सोय फक्त माझ्यासारख्यांसाठी नाही. पक्षाघातातून उठलेली माणसं आहेत, जन्मतः दुभंगलेल्या ओठावर शस्त्रक्रिया झालेली आहेत, नाकाचं हाड एका बाजूला वळलेली आहेत. आणि ज्यांना काहीही झालेलं नाही त्यांचेही चेहरे दोन्हीकडे तंतोतंत सारखे नसतात. तुमची पात्रं इतकी बारकाईने घडवलेली असूनही थोडी मेणाची वाटतात, असं अनेकांनी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. मला विचाराल तर त्याचं निम्मं कारण इथे आहे.

फोटोबद्दल आणखी एक. खेळाडूने दिलेला फोटो कुठे जातो, त्याच्याच कॉम्प्युटरवर राहतो की तुमच्या सर्व्हरवर पोहोचतो, किती काळ साठवला जातो, तुमचं मॉडेल शिकवायला वापरला जातो का, यातलं काहीही त्या स्क्रीनवर लिहिलेलं नाही. चेहरा ही पासवर्डसारखी बदलता येणारी गोष्ट नाही. फोटो टाकण्याच्या बटणाच्या शेजारी, साध्या भाषेत, ही माहिती असली पाहिजे.

दुसरी तक्रार म्हातारपणाची. माझ्या वडिलांनी वयाची ऐंशी ओलांडली आहे. मी गेममध्ये घर बांधते तेव्हा त्यात ते असतातच. पूर्वीच्या गेममध्येही असायचे. तुमच्या क्रिएटरमध्ये 'वृद्ध' हा पर्याय निवडल्यावर काय झालं ते सांगते. केस पांढरे झाले, कपाळावर आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्यांचं एक टेक्सचर, म्हणजे त्वचेवर चिकटवलेलं चित्र, आलं. बाकी सगळं पंचविशीतल्या माणसाचं : रुंद ताठ खांदे, घट्ट जबडा, गोल दंड, सपाट पोट. सुरकुत्यांचं ते टेक्सचरही प्रत्येक चेहऱ्यावर तेच. फक्त गडद किंवा फिकट करता येतं.

वय असं चढत नाही. मणक्यांमधल्या चकत्या दबतात, माणसाची उंची कमी होते, अनेकांना पोक येतं. गालांतली चरबी कमी होते आणि उरलेली खाली सरकते. डोळ्यांच्या खोबणीचं हाड झिजून खोबण रुंदावते, म्हणून डोळे आत गेल्यासारखे दिसतात. दात गेले की जबड्याचं हाड कमी होतं आणि ओठ आत वळतात. कान लांबतात, नाकाचा शेंडा उतरतो. हातांवरच्या शिरा उठून दिसतात, बोटांचे सांधे जाड होतात. मानेची कातडी सैल पडते. यातल्या बहुतेक गोष्टी हाडाच्या आणि मांसाच्या आहेत, म्हणजे मेशच्या आहेत, आणि तुम्ही त्या सगळ्या एका टेक्सचरवर भागवल्या आहेत. मला वडिलांचे हात करायचे होते. हातांसाठी तुमच्याकडे नखांचा रंग सोडून एकही पर्याय नाही.

चालही तीच. क्रिएटरमध्ये चालण्याच्या ढबी निवडता येतात. 'आत्मविश्वासू', 'खेळकर', 'डौलदार' अशा बऱ्याच आहेत. सावकाश, पाय जपून टाकणारी एकही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2030 पर्यंत जगातल्या दर सहा माणसांपैकी एक साठीच्या पुढचा असेल. जन्मापासून मरणापर्यंतचं आयुष्य दाखवू म्हणणाऱ्या गेममध्ये त्या सहाव्या माणसाला स्वतःचं शरीर नसावं हे मला मान्य नाही. तुमच्या गेममधलं प्रत्येक पात्र, खेळाडूने खेळ सोडला नाही तर, शेवटी त्याच वयात पोहोचणार आहे. मग ही सोय थोड्या लोकांसाठीची म्हणून मागे कशी ढकलता येते?

उंचीबद्दल तुमची अडचण मला समजते. दोन पात्रं एकमेकांना मिठी मारतात, हात मिळवतात, मूल उचलून घेतात, तेव्हा ती हालचाल दोघांची मिळून एकच बनवलेली असते. दोघांची उंची सारखी असली की हात नेमका खांद्यावर पडतो. एकाला वाढवलं की तो हवेत राहतो किंवा शरीरात घुसतो. खुर्च्या, ओटे, दाराच्या कड्या सगळं एकाच मापाने बांधलेलं असतं. म्हणूनच द सिम्स 4 मध्ये सगळी प्रौढ माणसं एका उंचीची राहिली. पण हात किंवा पाय कुठे टेकायचा ते आधी ठरवून त्यावरून कोपर, खांदा, गुडघा यांचे कोन काढायचं गणित, ज्याला इन्व्हर्स कायनेमॅटिक्स म्हणतात, गेममध्ये वर्षानुवर्षं वापरात आहे. 2012 च्या ड्रॅगन्स डॉग्मा या गेममध्ये पात्राची उंची आणि वजन निवडता यायचं, आणि त्याचा परिणाम प्रत्यक्ष खेळावरही व्हायचा. पॅरालाइव्ह्ज हा याच प्रकारचा गेम बनवणाऱ्या छोट्या टीमने उंचीचा स्लायडर सुरुवातीच्या काळातच जाहीरपणे करून दाखवला. द सिम्स 4 साठी मॉडर्सनी, म्हणजे गेममध्ये स्वतः बदल करणाऱ्या हौशी खेळाडूंनी, फावल्या वेळात उंचीचे स्लायडर बनवले, आणि हात थोडे चुकीच्या जागी पडले तरी लोकांनी ते आनंदाने वापरले.

मी पूर्ण मोकळीक मागत नाही. थोडासा फरक द्या, पण द्या. एकाच घरातली चार माणसं एका पट्टीने कापल्यासारखी उभी असतात तेव्हा त्यांचं आपसातलं नातंच दिसत नाही. आईपेक्षा उंच झालेला मुलगा, मोठ्या भावापेक्षा वरचढ वाढलेली धाकटी बहीण, नवऱ्याहून उंच बायको, यांच्याभोवती घराघरांत गोष्टी घडतात. खेळाडू तुमच्या गेममध्ये गोष्टीच तर शोधायला येतात.

त्वचेच्या रंगाबद्दल तुमच्या जाहिरातीत छटांचा मोठा आकडा आहे. आकडा पुरेसा नाही. तुमच्या पट्टीवर गोऱ्या रंगाच्या छटा इतक्या जवळजवळ आहेत की शेजारशेजारच्या दोन छटा ओळखू येत नाहीत, आणि गडद टोकाकडे एका छटेवरून दुसरीवर मोठी उडी पडते. त्या दोन्हींच्या मधली जी माणसं आहेत, आणि ती जगात अफाट संख्येने आहेत, त्यांना कुठे थांबायचं ते कळत नाही. त्वचेच्या छटा मोजायच्या पद्धतींमध्ये ही खोड जुनी आहे. फिट्झपॅट्रिक मोजपट्टी 1975 ची. ती मुळात उन्हाने कातडी किती भाजते ते ठरवण्यासाठी, गोऱ्या लोकांना समोर ठेवून बनली, गडद त्वचेचे प्रकार तिच्यात मागाहून जोडले गेले. समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची मोजपट्टी गूगलने 2022 मध्ये सर्वांसाठी खुली केली, ती नेमकी ही उणीव भरून काढण्यासाठी. ती मोफत उपलब्ध आहे. निदान एकदा तुमची पट्टी तिच्या शेजारी ठेवून पाहा.

छटेइतकाच प्रश्न उजेडाचा आहे. तुमच्या क्रिएटरच्या खोलीत निळसर प्रकाश आहे. त्यात गोरी त्वचा छान उजळते आणि गडद त्वचा राखाडी पडते, तिच्यातला तांबूस-सोनेरी रंगच मरतो. खरी गडद त्वचा उजेडात चमकते. कपाळावर, गालाच्या हाडावर ती चमक ठळक दिसते. तुमच्या पात्रांच्या त्वचेवर ती नाही. तळहात आणि तळपाय बाकी शरीरापेक्षा उजळ असतात, ते तुमच्याकडे कोपरासारखेच गडद आहेत. गालावर लावायचा रंग गडद छटांवर दिसतच नाही. ही सगळी कामं एखाद्या विस्ताराची वाट पाहायला लावणारी नाहीत. खोलीत उजेडाचे तीन-चार प्रकार द्या, भर दुपारचा, ढगाळ, घरातल्या पिवळ्या दिव्याचा. प्रत्येकाला आपलं पात्र गेममध्ये कसं दिसेल ते आधीच पाहता येईल. द सिम्स 4 मध्ये डिसेंबर 2020 मध्ये शंभराहून जास्त नव्या छटा आल्या, त्या खेळाडूंनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरल्यावर. तीच मागणी आम्हाला पुन्हा पहिल्यापासून करायला लावू नका.

केसांबद्दल थोडक्यात. सरळ आणि लाटांसारख्या केसांच्या शैली भरपूर आणि सुंदर आहेत. घट्ट कुरळ्या केसांच्या मोजक्या आहेत आणि त्याही जवळून पाहिल्या तर सरळ केसांच्या पट्ट्या गुंडाळून बनवल्यासारख्या. विरळ केस, मागे सरकलेली केसांची रेषा, डोक्याच्या मधोमध पडलेलं टक्कल, यातलं काहीच नाही. म्हणजे पुरुष एक तर भरघोस केसांचा असतो नाही तर गुळगुळीत.

आणि आता तुमच्या निवेदनातला तो शब्दप्रयोग, 'अपंगत्वाशी संबंधित साधनं'. यात तुम्ही काय काय एकत्र बांधलंत? चाकाची खुर्ची आणणं मोठं काम आहे हे मी मान्य करते. दारं, जिने, पलंग, गाड्या, प्रत्येक ठिकाणची हालचाल नव्याने बसवावी लागते. त्यासाठी वेळ मागा, आम्ही देऊ. पण कानामागचं श्रवणयंत्र? ते चष्म्याइतकंच डोक्याला चिकटणारं एक वस्तुरूप आहे, आणि चष्मे तुमच्याकडे कितीतरी प्रकारचे आहेत. शस्त्रक्रियेचा व्रण, भाजल्याची खूण, त्वचेवरचं पांढरं कोड, हे टेक्सचर आहेत. गोंदणाचे थर तुमच्याकडे आहेतच. कृत्रिम हात किंवा पाय त्या अवयवाच्या जागी बसणारा मेश आहे. 2021 च्या फोर्झा होरायझन 5 मध्ये पात्राला श्रवणयंत्र आणि कृत्रिम अवयव देता येत होते, आणि त्या गेममध्ये खेळाडू बहुतेक वेळ गाडीच्या आत बसलेला असतो. द सिम्स 4 मध्ये 2023 च्या सुरुवातीला श्रवणयंत्रं, रक्तातली साखर मोजणारं अंगावरचं यंत्र आणि शस्त्रक्रियेचे व्रण मोफत अपडेटमध्ये आले. 2024 मध्ये कोडाचे डाग आले. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगातली सुमारे 16 टक्के माणसं, म्हणजे अंदाजे 130 कोटी, कुठल्या ना कुठल्या गंभीर अपंगत्वासह जगतात. अवघड आणि सोपं एकाच गाठोड्यात बांधून सगळंच पुढे ढकलणं मला न्याय्य वाटत नाही. सोपं आधी द्या.

काही तक्रारी छोट्या आहेत पण रोज टोचतील अशा आहेत. मागे जाण्याचं बटण फक्त शेवटचा बदल परत घेतं. चेहऱ्यावर तासभर काम केल्यावर दहा पावलं मागे जाता आलं पाहिजे. रंगांच्या चौकोनांना नावं नाहीत, त्यामुळे रंगांधळ्या माणसाला हिरवा कोणता आणि तपकिरी कोणता ते कळायला मार्ग नाही. स्लायडरवर आकडे नाहीत, म्हणून एकदा जमलेलं नाक दुसऱ्या पात्राला तसंच देता येत नाही. अक्षरं मोठी करायची सोय नाही. नावाच्या चौकटीत लॅटिन सोडून दुसऱ्या अनेक लिपी टाकल्या तर रिकामे चौकोन उमटतात, देवनागरीतही तेच. युनिकोडच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे, तेव्हा इथे कमी आहे ती फक्त फॉन्टची. ज्या पात्राला मी माझं नाव देणार त्याचं नाव मला माझ्या अक्षरांत लिहायचं आहे.

आता एक गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. तुमचा 'रँडम' बटणाचा पर्याय मी पुन्हा पुन्हा दाबून पाहिला. तरुण, सडपातळ, उंच गालफडांचे, भरल्या ओठांचे चेहरे एकामागून एक येत राहिले. जाड पात्र आलं तरी त्याचा चेहरा बारीकच राहिला, कारण शरीराचं वजन वाढवलं की तुमच्याकडे हनुवटीखाली काही बदलत नाही. पोट वाढतं ते सगळीकडून सारखं फुगतं. खाली ओघळत नाही, बसल्यावर घडी पडत नाही, आणि सैल शर्ट त्यातून आरपार जातो. मोठ्या शरीरावर कपडे आरपार जाणं हे क्लिपिंग म्हणून खपवून घेतलं जातं, पण सडपातळ शरीरावर एकही बटण आत गेलेलं मला दिसलं नाही. कुठल्या शरीरावर कपडे तपासून पाहिले गेले ते त्यावरून कळतं.

हे बटण महत्त्वाचं आहे, कारण बहुतेक खेळाडू स्वतः दोन-चार पात्रं बनवतात आणि बाकीचं शहर गेम भरतो. शेजारी, शिक्षक, दुकानदार, रस्त्यावरून जाणारी माणसं या बटणामागच्या साच्यांतूनच येतात. पुढे त्यांची लग्नं होतात, मुलं होतात, आणि मुलांचे चेहरे आईवडिलांच्या आकड्यांमधून बनतात. द सिम्स 2 ने 2004 मध्ये ही आनुवंशिकता आणली तेव्हापासून या प्रकारच्या खेळाचं ते एक मोठं सुख आहे : मुलीत आईचं नाक दिसणं. पण साच्यातच जे नाही ते कुणाच्याच मुलीत उतरणार नाही. खेळाडूने कितीही पिढ्या खेळवल्या तरी शहर पहिल्या दिवशी होतं तितकंच एकसारखं राहील. क्रिएटरमध्ये जे वगळलं ते संपूर्ण जगातून वगळलं गेलं.

'नंतर' या शब्दावर विश्वास ठेवायला आम्ही का कचरतो, तेही सांगते. सप्टेंबर 2014 मध्ये द सिम्स 4 आला तेव्हा त्यात दुडदुडणाऱ्या वयाची मुलं नव्हती. आधीच्या गेममध्ये होती. ती परत आली जानेवारी 2017 मध्ये. द सिम्स 3 मधलं रंगचक्र, ज्याने कुठल्याही कापडाला कुठलाही रंग देता यायचा, ते द सिम्स 4 मध्ये आलंच नाही. लाइफ बाय यू या गेमची कितीतरी लोक वाट पाहत होते; जून 2024 मध्ये, अर्ली ॲक्सेसपर्यंतही (अपुरा गेम आधीच खेळायला देण्याच्या टप्प्यापर्यंतही) न पोहोचता, तो रद्द झाला. 28 मार्च 2025 ला इनझॉय हा याच प्रकारचा गेम अर्ली ॲक्सेसमध्ये आला, आणखी गेम वाटेवर आहेत, स्पर्धा वाढली आहे, आणि आज जो विस्तार तुमच्या यादीत आहे तो उद्या त्या यादीत असेलच असं तुम्हीही ठामपणे सांगू शकत नाही. म्हणून शरीराशी निगडित गोष्टी पायाभरणीतच हव्यात, नंतर चढवायच्या मजल्यात नकोत. मागाहून उंची आणायची म्हटलं तर तोवर बनलेली प्रत्येक मिठी आणि प्रत्येक खुर्ची पुन्हा बसवावी लागेल. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

पैशाबद्दल स्पष्ट बोलते. कपडे विका, फर्निचर विका, केसांच्या नव्या शैली, नवी गावं, नवे व्यवसाय विका. मी स्वतः घेईन. तुमच्या लोकांना पगार मिळायला हवा आणि चांगलं काम विकत घ्यायला माझी ना नाही. पण ज्याचा चेहरा मूळ गेममध्ये आधीच बसतो त्याने एकदा पैसे भरायचे, आणि ज्याचा बसत नाही त्याने स्वतःसारखं दिसण्यासाठी दुसऱ्यांदा भरायचे, ही रचना मी स्वीकारणार नाही. तुमच्या निवेदनात 'विस्तार' मोफत असेल असं कुठेही म्हटलेलं नाही. म्हटलेलं नाही म्हणून विचारते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

चेहरा घडवताना दोन्ही बाजू जोडलेल्या ठेवायच्या की सुट्या, याचं एक बटण मूळ गेममध्ये द्या. फोटोवरून चेहरा बनवताना बाजू आपोआप समान करू नका. करायच्याच असतील तर आधी विचारा. त्या फोटोचं पुढे काय होतं ते त्याच स्क्रीनवर लिहा, आणि तो तुमच्याकडून पुसून टाकायची सोय द्या.

वृद्धांसाठी वेगळा मेश द्या, निदान पाठीचा बाक, मान, हात आणि जबडा यांचे स्लायडर तरी द्या, आणि एक सावकाश चाल द्या. उंचीत थोडा का होईना फरक करू द्या. गेम बाजारात येण्याआधी हे जमणार नसेल तर कुठल्या अपडेटमध्ये जमेल ते तारखेसह सांगा.

श्रवणयंत्रं, कृत्रिम अवयव, व्रण आणि कोड पहिल्या दिवसापासून द्या. चाकाची खुर्ची, पांढरी काठी आणि कुबड्या यांचं वेळापत्रक जाहीर करा. ते बनवताना ही साधनं रोज वापरणाऱ्या माणसांना मोबदला देऊन सोबत घ्या. फुकट सल्ला मागू नका.

त्वचेची पट्टी पुन्हा आखा आणि क्रिएटरच्या खोलीत उजेड बदलता येऊ द्या. रँडम बटणातून आणि शहर भरणाऱ्या साच्यांतून सगळ्या वयांची, सगळ्या अंगकाठीची माणसं येतील असं बघा. प्रत्येक कपडा सर्वात मोठ्या शरीरावर चढवून तपासल्याशिवाय गेममध्ये घालू नका.

शरीराशी आणि चेहऱ्याशी निगडित कुठलीही सोय पैशाच्या विस्तारात जाणार नाही, असं लेखी जाहीर करा.

यातलं जे जमणार नाही ते का जमणार नाही, हेही सांगा. कारण पटलं तर मी ते मान्य करेन आणि इतरांनाही समजावून सांगेन. पण तेही मला एकटीला ईमेलने कळवू नका. क्रिएटरच्या पुढच्या अपडेटसोबत तुम्ही बदलांची जी यादी काढाल, तिच्यात प्रत्येक मागणीसमोर हो, नाही किंवा कधी, एवढं लिहा. गेमची आगाऊ नोंदणी मी अजून केलेली नाही, आणि यादी वाचल्यावरच करायची की नाही ते ठरवेन.

आपली,
तुमच्या गेमची मनापासून वाट पाहणारी एक खेळाडू